दादासाठी उतरवलेलं

थंडी पडली की संत तुकाराम नगरच्या मैदानावर माणसं उगवतात. दिवाळीचा फराळ अंगाला लागलेला असतो, नवे बूट घेतलेले असतात, कानटोप्या कपाटातून बाहेर निघालेल्या असतात. डिसेंबरात मैदानाच्या कडेची पायवाट इतकी भरते की पुढच्याला ओलांडताना खांद्याला खांदा लागतो. संक्रांतीच्या सुमाराला निम्मी माणसं गळतात. होळीपर्यंत आणखी गळतात. उन्हाळ्यात उरतात ती मोजकीच, आणि त्यांतली बहुतेक कसल्या ना कसल्या भीतीनं तिथं आलेली असतात, असा माझा अंदाज आहे. मी आता त्या उरणाऱ्यांतली आहे.

परवा एक नवी मुलगी माझ्या बरोबरीनं चालायला लागली. धाप लागत होती तिला, पण बोलायचंही होतं.

“काकू, तुम्ही रोज असता ना? किती कमी केलंत?”

“दहा-अकरा किलो.”

“मस्तच. कशासाठी? म्हणजे घरात लग्न वगैरे होतं का?”

मी नुसतंच ‘नाही’ म्हणाले. तिनं पुढं विचारलं नाही, बिचारी दमली होती. मैदानाच्या दाराशी हातगाडीवाला हरभऱ्याच्या ओल्या जुड्या रचत होता. त्यांच्यावर पाणी मारलं की एक आंबट, गार वास सुटतो. तो नाकात शिरला आणि तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा अंगावर आला. तसा तो दर वर्षी येतोच. थंडी आली की आमच्या घरात कुणीच त्याबद्दल बोलत नाही, आणि सगळ्यांना तोच आठवत असतो.

माझा भाऊ मिलिंद माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून माझा दादा. आमचे पप्पा पिंपरीत औषधांच्या कंपनीत होते. त्यांनीच या कॉलनीत घर घेतलं. ते गेल्यावर त्या घरात आई, दादा आणि वहिनी राहायचे. मी लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून. दादा महाळुंग्याला एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशिनींवर, लागला आणि तिथंच वीस-बावीस वर्षं राहिला. फर्स्ट, सेकंड, नाईट, अशी दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. नाईटला मध्यरात्री कॅन्टीनमध्ये भाताचा डोंगर, पहाटे चहाबरोबर फरसाण, सुटल्यावर बस थांबते तिथं वडापाव, घरी आला की आईनं गरम गरम वाढलेलं ताट. मग पडदे ओढून झोप. तिशीत त्याचं पोट सुटलं. आई कौतुकानं म्हणायची, “अंग भरलं लेकराचं. कंपनी मानवली.”

दारूला तो शिवला नाही. पप्पांचे मोठे भाऊ दारूनं गेले होते. त्यामुळं घरी पंचशील म्हणताना पाचवं शील पप्पा जरा आवाज चढवून म्हणायचे, आणि दादा त्यांच्याकडं बघून हसू दाबायचा. कंपनीतल्या पार्ट्यांना जायचा, पण तो चकण्यावरच बसायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याला रक्ताची उलटी झाली. बेसिनमध्ये काळपट लाल रक्त आणि काठाला धरून उभा असलेला दादा, हे वहिनीनं पाहिलं. मी पोचले तोवर तिनं बेसिन धुऊन काढलं होतं आणि ती ते परत परत धूत होती.

पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “किती वर्षं घेता?”

“काय?” दादानं विचारलं.

“दारू.”

“कधीच नाही, सर.”

डॉक्टरांनी आमच्याकडं पाहिलं, मग तपासण्यांकडं, आणि त्यांचा विश्वास बसला. लोकांचा बसला नाही. भेटायला आलेले एक नातेवाईक जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, “आता लपवून काय उपयोग? सगळेच घेतात.” आईनं ते ऐकलं. ती म्हणाली, “माझ्या लेकरानं थेंब न्हाई घेतला. जे घेतलं ते माझ्या हातचं घेतलं.” बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं, आणि ती तशीच जिन्यात बसली.

डॉक्टरांनी समजावलं ते साधं होतं. वजन वाढतं तशी लिव्हरमध्ये चरबी साठत जाते. दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षं ते सुजलेलं राहतं, आतून वण पडतात आणि वणांनी ते आकसून दगडासारखं होतं. दादाचं तसं झालं होतं. वर साखरेचा आजार होताच. कंपनीच्या तपासणीत तो कळला होता आणि दादानं गोळी सुरू करून विषय संपवला होता. आता लिव्हर बदलण्यावाचून मार्ग नव्हता. घरातल्या कुणाचा रक्तगट जुळला तर त्याच्या लिव्हरचा तुकडा काढून बसवता येतो, आणि तो दोन्हीकडं पुन्हा वाढतो.

आईचं वय बसेना. वहिनीचा गट जुळेना. माझा जुळला.

त्या संध्याकाळी मी राजेशला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “मी नको म्हटलं तर ऐकणार आहेस?”

“नाही.”

“मग विचारतेस कशाला?” आणि थोड्या वेळानं, “भीती वाटते गं. पण दे.”

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. पोटावर गार जेल. डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडं वळवला. करड्या अंधारात माझं लिव्हर पांढुरकं चमकत होतं. मला ते छान वाटलं. मी तसं म्हणालेही.

“इतकं उजळ दिसायला नको,” त्या म्हणाल्या. “ही चरबी आहे. तुमच्या भावाचं सुरुवातीला असंच असणार.”

मीही महाळुंग्यालाच, दुसऱ्या एका कंपनीत, टाइम ऑफिसात काम करते. दिवसभर खुर्ची, येता-जाता कंपनीची बस, कॅन्टीनचा भात. मलाही लहानपणापासून त्याच हातानं वाढलेलं. सर्जन म्हणाले, “असं लिव्हर आम्ही घेत नाही. धोका तुम्हालाही आहे आणि त्यांनाही. वजन उतरवा, दोनेक महिन्यांनी परत बघू. तेवढा वेळ त्यांनी दिला तर.”

वेळ दादानं द्यायचा होता आणि वजन मी.

आहाराचं बघणाऱ्या मॅडम तरुण होत्या. राजगुरुनगरच्या. आम्ही घरी काय खातो ते मी सांगायला लागले तेव्हा म्हणाल्या, “भाकरी-कालवण मला सांगू नका, मी त्यावरच वाढलेय. वाढणाऱ्याचा हात कसा आहे तेवढं सांगा.” मग त्यांनी ताट बदललं. आधी कच्ची भाजी, मग शिजवलेली, मग डाळ, उसळ किंवा अंडी, आणि शेवटी जागा राहिली तर अर्धी भाकरी. भात, साखर, तळलेलं, बेकरीचं सगळं बंद. सकाळी घाम येईपर्यंत चालणं, संध्याकाळी पुन्हा. निघताना म्हणाल्या, “एक खरं सांगते. वजन असं उतरवायचं नसतं. झटपट उतरलेलं झटपट चढतं. पण आपल्याकडं सावकाश जायला वेळ नाहीये. ऑपरेशन झालं की परत या, मग राहील असं कसं उतरवायचं ते शिकवते.”

माझं लक्ष कुठं होतं? मला फक्त ‘ऑपरेशन झालं की’ एवढंच ऐकू आलं.

आईचे हाल झाले. ती मराठवाड्यातली. तिच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला होता. खडी फोडायच्या कामावर आईबापाच्या मागं मागं जाऊन ती सरकारी सुकडी, वाटपातलं ते गोड पीठ, फ्रॉकच्या ओच्यात घेऊन यायची. तिच्या डोक्यात वाळलेलं माणूस म्हणजे दुष्काळातलं माणूस. पोरांची भरलेली अंगं हीच तिची श्रीमंती होती. आता दादाला दर दोन-तीन तासांनी काहीतरी खाऊ घाला, झोपतानाही उपाशी ठेवू नका, असं हॉस्पिटलनं बजावलं होतं. त्याचं मांस झडत होतं. आणि मला खाऊ घालू नका म्हणून सांगितलं होतं. मी कामावरून सुटले की तिच्याकडं जायचे. ती तव्यापुढं हातात भाकरी घेऊन उभी असायची.

“एका लेकराला म्हणायचं खा, अन् दुसरीला म्हणायचं खाऊ नको,” ती एकदा म्हणाली. “एकाच चुलीवर. कसं करावं मायनं?”

मी तिला म्हणाले, “आई, तू मला उपाशी ठेवलंस तर तो जगेल.” हे वाक्य मी कुठल्या तोंडानं बोलले ते मला आजही कळत नाही. पण ते ऐकून तिनं भाकरी परत टोपलीत ठेवली आणि माझ्यापुढं गाजरं किसायला बसली.

तो हिवाळा मला भुकेसकट आठवतो. अंधारात घराबाहेर पडायचं, मैदानावर धुकं आणि त्यात मिसळलेला शेकोटीचा धूर, समोरून येणारी माणसं जवळ आल्यावरच दिसायची. चालताना बोटं बधिर व्हायची आणि पाठ घामानं भिजायची. पावट्याच्या शेंगा, मटार, तीळ, नवा गूळ, सगळा बाजार खाण्यानं फुललेला. बसमध्ये कुणीतरी गुळाच्या पोळीचा डबा उघडायचं आणि मी खिडकीला नाक लावून चाकणच्या रस्त्यावरचे ट्रेलर बघत बसायचे. भूक पोटात असते असं आपण समजतो. ती जबड्यात असते, बोटांत असते, चिडचिडीत असते. एकदा कुणाची तरी हजेरी चुकली म्हणून मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो माणूस घाबरला.

आणि लोक कौतुक करायला लागले. कंपनीत कारण फक्त माझ्या साहेबांना माहीत होतं, त्यामुळं बायका म्हणायच्या, “अगं, कसली भारी दिसतेस. आम्हाला पण सांग ना.” एकीनं मला दुधातून घ्यायची कसली तरी पावडर दाखवली, ‘ही घेतेस का?’ म्हणून. मी हसायचे. आरशात मला गालाची हाडं दिसायची आणि त्यांच्या मागं दादाची.

दादाही उतरत होता. हात काटकीसारखे झाले, खांदे शर्टातून टोचायला लागले, डोळे हळदीसारखे पिवळे. पण पोटात पाणी साठायचं, आणि ते काढेपर्यंत काटा वर वर सरकायचा. वजनकाटा वहिनीनं गच्चीच्या दाराशी ठेवला होता. रविवारी दुपारी आम्ही दोघं गच्चीत उन्हाला बसायचो. आधी मी काट्यावर उभी राहायचे, मग तो भिंत धरून.

“पवना धरण भरलं बघ,” तो पोटावर हात ठेवून म्हणायचा. “बेबी, आपण दोघं बारीक होतोय. तुझं कमी झालं की डॉक्टर हसतात, माझं झालं की गप्प होतात.”

खायची वेळ झाली की वहिनी त्याला उपमा किंवा अंडं आणून द्यायची. तो माझ्याकडं पाठ करून खायचा. मी म्हणायचे, “अरे, खा ना समोर, मला काही होत नाही.” तो म्हणायचा, “तुला नाही होत. मला होतं.”

एका रविवारी त्यानं मधेच विचारलं, “तुला भीती वाटते?”

“वाटते.”

“मलापण. माझी नाही, माझी सवय झाली आता. तुझ्या पोटावर एवढी मोठी चीर पडणार. मी नीट खाल्लं असतं तर नसती पडली.”

“नीट कोण खातं दादा आपल्यात?”

“ते पण आहे,” तो म्हणाला, आणि उन्हाकडं पाठ करून आडवा झाला. त्याच्या बनियनवर, पाठीच्या मणक्यांवर, ऊन पडलं होतं. माझी नजर त्या मणक्यांवरून हलेना.

संक्रांत झाल्यावर माझी तपासणी झाली. पडद्यावर माझं लिव्हर आता पावसाळी ढगासारखं करडं दिसत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता कसं, हवं तसं झालं.” बाकीच्या तपासण्याही पार पडल्या. सर्जन म्हणाले, “घेऊ शकतो.” मी हॉस्पिटलच्या आवारातून दादाला फोन केला.

“झालं,” मी म्हणाले.

 मग तो म्हणाला, “आईला देतो.” त्याला रडू आलं होतं, हे मला आईनं नंतर सांगितलं.

ऑपरेशनची तारीख ठरायच्या आतच त्याला ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले. आयसीयूत ठेवलं. दोन दिवसांत तो आम्हाला ओळखेनासा झाला. मला तो प्रेस शॉपचा कुणी सोबती समजून मशीन बंद करायला सांगत होता. मग लघवी थांबली. सर्जन बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच वहिनीनं ओळखलं आणि ती भिंतीकडं वळली.

“या अवस्थेत ऑपरेशन करता येणार नाही,” ते म्हणाले.

“पण माझं तयार आहे.”

“तुमचं तयार आहे, ताई. त्यांचं शरीर राहिलेलं नाही.”

फेब्रुवारीतली दुपार होती. दादा गेला तेव्हा मी बाहेरच्या खुर्चीवर डब्यातली काकडी आणि उकडलेलं अंडं खात होते. भूक नव्हती. लिव्हर चांगलं राहायला हवं, अजून काही सांगता येत नाही, म्हणून खात होते.

जलदान विधीला घर भरलं. भंतेजींचा आवाज चालू होता आणि मागं बायका कुजबुजत होत्या. “भावाच्या दुःखानं किती वाळली पोरगी,” एक म्हणाली. दुसरी म्हणाली, “पण चेहरा निघालाय हं.” मला त्यांचा राग आला नाही. ते शरीर माझं वाटतच नव्हतं. कुणाला तरी द्यायला म्हणून झाडून-पुसून ठेवलेली खोली असावी आणि राहणारा येऊच नये, तसं मी ते वागवत होते.

मग मी खायला लागले. दुःखात खावंसं वाटत नाही म्हणतात, माझं उलट झालं. आई वाढायची आणि मी खायचे. तिचा हात सुटला होता; कुणालाही नको म्हणायचं तिचं बळच गेलं होतं. कॅन्टीनचा भात परत सुरू झाला. कंपनीच्या बसमध्ये डबे उघडले की मीही हात पुढं करायला लागले. भूक भागतच नव्हती. पावसाळा संपेपर्यंत सैल झालेले ब्लाउज बसायला लागले आणि पुढच्या थंडीपर्यंत ते तंग झाले. लोक आता काही बोलत नव्हते. वजन उतरताना सगळं गाव बोलतं, चढताना फक्त बघतं.

दादाच्या पहिल्या स्मृतिदिनाला घरी खीर केली होती. आई, मी आणि वहिनी स्वयंपाकघरात होतो. मी दुसरी वाटी भरून घेतली. वहिनी वर्षभर फारशी बोललीच नव्हती. ती ओट्याला टेकून उभी होती. तिथूनच, अगदी हळू म्हणाली, “ताई, ते लिव्हर त्यांच्या नावाचं होतं. तुम्ही ते परत खराब करताय.”

मी वाटी खाली ठेवली, चपला घातल्या आणि निघून आले. रस्ताभर माझे कान तापले होते. कुणी कुणाला असं बोलतं? मी काय कुणाची ठेव सांभाळत बसले आहे का? तो सगळा उन्हाळा आम्ही दोघी बोललो नाही. आई मधल्यामधे निरोप पोचवायची, ‘ती विचारत होती,’ म्हणून दोघींनाही खोटंच सांगायची.

पण मेमध्ये मी गुपचूप सोनोग्राफी केली. पडद्यावर ते पुन्हा पांढुरकं चमकत होतं.

राजगुरुनगरच्या मॅडमकडं गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं, आणि दादाचं त्यांना माहीत होतं. मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, “माझं सगळं परत आलं. मला जमलं नाही.”

“तुम्हाला जमायचा प्रश्न नव्हता,” त्या म्हणाल्या. “शरीराला ऑपरेशन कळत नाही, त्याला दुष्काळ कळतो. आपण त्याला दोन महिने दुष्काळात ठेवलं. त्यानं नंतर साठवून ठेवलं. ते त्याचं कामच आहे. मी तेव्हा परत या म्हणाले होते. आता आलात.”

दुष्काळ म्हटल्यावर मला आईचा ओचा आठवला आणि मी तिथं पहिल्यांदा रडले. दादा गेल्यापासून रडायचं राहिलंच होतं.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आता कुणासाठी करायचंय?”

मी खूप विचार केला. “माहीत नाही.”

“हरकत नाही. मग माहीत नसतानाही रोज होईल एवढंच करू.”

आणि त्यांनी खरंच फारच थोडं सांगितलं. भाकरी परत आली, एक अख्खी. आईच्या हातचं काही सोडायचं नाही, फक्त ताट एकदाच वाढायचं. ते जमलं की महिन्यानं पुढचं, चहातली साखर. मग कॅन्टीनचा भात एक मूद. चालणं रोज, पण दमेपर्यंत नको, उद्याही यावंसं वाटेल एवढंच. पाण्याची भरलेली बाटली घेऊन हातांचे व्यायाम, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, अंगातली ताकद जाऊ नये म्हणून. पुरेशी झोप. लग्नात जेवलात तर जेवलात. दुसऱ्या दिवशी उपास करून शिक्षा घ्यायची नाही, नेहमीचं ताट घ्यायचं. काटा आठवड्यातून एकदा. जे मरेपर्यंत करता येणार नाही ते आज सुरूच करायचं नाही, असं त्या म्हणायच्या.

पहिल्या खेपेला जे एका हिवाळ्यात उतरलं होतं, त्याला या खेपेला वर्ष लागलं. मधे तीन महिने काटा हललाच नाही. त्या दिवसांत मैदानावर जायचं म्हणजे कुणाच्याच बोलावण्याशिवाय जायचं होतं. त्या पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक फेरीच्या टोकाला दादा उभा असायचा. आता टोकाला काहीच नव्हतं, फक्त वळायचं होतं आणि परत चालायचं होतं. वजन उतरवायला एक मोठं कारण पुरतं. उतरलेलं ठेवायला मात्र कारण संपल्यावरही उठावं लागतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

वहिनी एका रविवारी माझ्या घरी आली. पाण्याचा ग्लास हातात धरून बसली.

“मी तसं बोलायला नको होतं, ताई.”

“खरं होतं ते.”

“खरं नव्हतं. ते तुमचंच होतं. त्यांचं काहीतरी अजून कुठंतरी चांगलं राहिलंय, असं मला धरून बसायचं होतं. तेवढंच.”

मी तिचा हात धरला. चहा टाकायला उठावं असं दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही. त्यानंतर ती अधूनमधून मैदानावर येते. आम्ही दादाबद्दल बोलत नाही, भाजी काय करायची ते बोलतो.

या महिन्यात आमच्या कंपनीत आरोग्य सप्ताह झाला. एचआरमधली नवी मुलगी माझ्याकडं आली. तिला माझे जुने-नवे फोटो हवे होते, आणि जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मी ‘वजन कसं कमी केलं’ ते पाच मिनिटं सांगावं असं तिचं म्हणणं होतं. फोटो मी दिले नाहीत. बोलायला मात्र उभी राहिले. समोर बाकांवर माणसं जेवत होती, ताटांत भाताचे डोंगर, वाढप्याच्या डावाचा आवाज. मी ताटाबद्दल सांगितलं, चालण्याबद्दल सांगितलं. मग माझा भाऊ इथून चार कंपन्या पलीकडं प्रेस शॉपला होता, तो कसा गेला, तेही सांगितलं. डावाचा आवाज थांबला. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणाला ठरवता येईना.

बोलून बाजूला झाले तेव्हा डिस्पॅचचे शेळके माझ्यापाशी आले. इथल्याच जुन्या गावातले, कंपनी झाली ती जमीन त्यांच्या भावकीची. चाळिशीचा माणूस, हातात ताट, पट्ट्याच्या वर आलेलं पोट.

“ताई, दारू न पिता जातं व्हय लिव्हर?”

“जातं.”

“मला बी डॉक्टर फॅटी म्हनला व्हता. आमी न्हाई मनावर घेतलं.”  मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखे हसले. “मला दोन बहिनी हायेत, ताई. तशीच वेळ आली, तर देतील त्या.”

“देतील,” मी म्हणाले. “मीपण देत होते.”